अण्णांच्या नावाने कोणीतरी सिनेमा पाहत होते

"अगं, ह्यांच्या नावाखाली कोण बघतंय गं?" आत्याने मेथी निवडता निवडता, मान वर न करता विचारले, आणि तिला काय म्हणायचे आहे ते मला आधी कळलेच नाही. श्रावणातल्या एका दुपारी मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तिच्या घरी सहज गेले होते. टीव्हीवर चित्रपट दाखवणाऱ्या एका सेवेचे पान उघडे होते आणि घरातल्या माणसांची नावे त्यावर ओळीने मांडलेली होती: आत्याचे, मोठ्या मुलाचे, नातवाचे आणि सर्वांत आधी, डावीकडे, अण्णांचे. अण्णा म्हणजे आत्याचे यजमान. माघात ते गेले. त्यांचे नाव तिथून काढून टाकायला घरातल्या कोणाचाच हात धजावला नव्हता. आत्याने रिमोट त्या नावावर नेला आणि अर्धवट पाहिलेल्या चित्रपटांची रांग समोर आली. प्रत्येक चित्राखाली एक लाल रेघ होती. कुठे निम्म्यावर थांबलेली, कुठे जेमतेम सुरू झालेली. मोटारींच्या शर्यती, पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या, अण्णांनी दोन मिनिटेही सहन केले नसते असे सगळे. त्यांच्या आवडीचा एक जुना मराठी चित्रपट लावून पाहिला, तर संवादांखाली आम्हा दोघींनाही न कळणाऱ्या ओळी उमटू लागल्या. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तेव्हा सबटायटलची भाषा तुर्की केलेली होती.

आत्याला हे पुष्कळ दिवसांपासून दिसत होते. "आधी वाटलं, धाकट्यानं अमेरिकेतून लावलं असेल. तो नाही म्हणाला. मग मी विचारलंच नाही कोणाला," ती म्हणाली. "ह्यांना शेवटी शेवटी झोप कुठं यायची गं. रात्री दोन वाजता उठून लावायचे काहीतरी, आवाज बारीक करून. सकाळी मी बघायची काय बघितलं ते. तीच सवय राहिली." एवढे बोलून तिने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या आणि आत गेली.

मला उत्तर ठाऊक होते, आणि ते तिला सांगावेसे वाटत नव्हते.

आमच्या नात्यात अण्णांचे कपाट प्रसिद्ध होते. बडोद्यातल्या चित्रपटगृहांत मराठी चित्रपट लागलाच तर एखादा खेळ, तोही अवेळी. त्यामुळे व्हिडिओ कॅसेट आल्या तेव्हा अण्णांना हक्काचे साधन सापडले. मुंबईहून रात्रीच्या गाडीने जो कोणी येणार असेल, त्याच्यावर दादरहून कॅसेट आणण्याची कामगिरी असे. त्या लोखंडी कपाटात कापराच्या वड्या ठेवलेल्या असत, आणि तरीही पावसाळ्यात फितीला पांढरी बुरशी धरलीच, तर अण्णा स्पिरिटात भिजवलेला कापूस घेऊन तासन्‌तास बसत. कॅसेट सगळ्यांना मिळे. गल्लीतल्या मराठी घरांना मिळे, गुजराती शेजाऱ्यांनाही मिळे, पण वहीत नाव, नेल्याची तारीख आणि परत आणल्याची तारीख लिहिल्याशिवाय मिळत नसे. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. लहानपणी मला त्या वहीची धास्ती वाटे, कारण फीत मागे फिरवून न आणणाऱ्याच्या नावापुढे ते लाल शाईने फुली मारत. आज मात्र मला त्या फुलीत एक मोठी गोष्ट दिसते. घरातली प्रत्येक कॅसेट या घटकेला कोणाकडे आहे, हे त्या माणसाला कोणत्याही क्षणी सांगता येत होते.

बडोद्याला ही जपणूक परकी नव्हती. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालये उभी केली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. बोर्डन यांच्या हाताखाली तयार झालेल्या ज. स. कुडाळकरांनी पुढे तो सगळा पसारा सांभाळला. त्या ग्रंथालय खात्यात निरक्षर रयतेला चित्रपट आणि मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याच्या, काचा दाखवणारी एक स्वतंत्र शाखाही होती, हे अण्णा फार अभिमानाने सांगत. चित्रपट ही ग्रंथालयाने सांभाळायची, नोंद ठेवून लोकांना द्यायची वस्तू आहे, ही कल्पना या शहरात शंभर वर्षांपूर्वी रुजलेली होती आणि अण्णा स्वतःला तिचे वारसदार समजत.

कॅसेट गेल्या, तबकड्या आल्या, त्याही गेल्या आणि कपाटाची जागा चित्रपट-सेवेच्या खात्याने घेतली. अण्णांनी हा बदल आनंदाने स्वीकारला. कॅनडातल्या भाचीला सांगून मागवावा लागणारा चित्रपट आता बोटाच्या एका दाबावर मिळतो, याचे त्यांना लहान मुलासारखे कौतुक होते. महिन्याच्या वर्गणीत न मिळणारे काही चित्रपट त्यांनी 'विकत घ्या' असे लिहिलेले बटण दाबून, वेगळे पैसे मोजून घेतले होते आणि त्यांची यादी वहीत उतरवून ठेवली होती. या बटणामागचा व्यवहार मात्र कॅसेटच्या खरेदीसारखा नाही. तिथे चित्रपट आपल्या मालकीचा होत नाही. तो त्या खात्यातून पाहण्याचा परवाना मिळतो, आणि दुकानाचा हक्क संपला किंवा दुकानच मिटले तर परवान्याचेही काही खरे नसते. अमेरिकेत अल्ट्राव्हायोलेट ही चित्रपटांचे हक्क एका जागी नोंदवून ठेवणारी व्यवस्था 31 जुलै 2019 रोजी बंद झाली, तेव्हा आपली खाती वेळेत दुसऱ्या दुकानांशी न जोडलेल्या लोकांची पंचाईत झाली. कॅलिफोर्नियाने तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच लागू केला, की परवाना विकताना 'खरेदी' हा शब्द वापरायचा असेल तर तो परवाना असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे अण्णांच्या कपाटात आता कॅसेट नव्हती, तबकडी नव्हती. जे काही होते ते एक ईमेलचा पत्ता, एक पासवर्ड आणि एक मोबाइल नंबर यांच्या आधाराने उभे होते, आणि त्या तिघांची राखण करणारा माणूस आता नव्हता.

आत्या चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी तिच्या परवानगीने खात्याचे पान उघडले. 'या खात्यावर वापरात असलेली उपकरणे' अशी एक यादी तिथे असते. बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसते. आत्याचा टीव्ही, मोठ्या मुलाचा फोन, नातवाचा टॅब, हे ओळखीचे. त्याखाली आमच्यापैकी कोणाच्याही घरात नसलेल्या कंपनीचा एक टीव्ही आणि एक ब्राउझर, दोन्ही परदेशातले. अण्णांचा ईमेल उघडला तर तिथे न वाचलेल्या पत्रांचा ढीग साचलेला, आणि त्यात त्याच सेवेचे एक पत्र: तुमच्या खात्यात नवीन उपकरणावरून प्रवेश झाला आहे, तो तुम्ही केला नसेल तर पासवर्ड बदला. ते पत्र दिवाळीतले होते. दिवाळीत अण्णा घरीच होते, बोलत होते, रात्री उठून सिनेमा पाहत होते.

मग आत्याने ती वही आणली. कॅसेटच्या नोंदींची ती वही संपत आल्यावर अण्णांनी मागच्या पानांवर पासवर्ड लिहायला सुरुवात केली होती. रेघ आखून, वीजबिलाचे संकेतस्थळ, रेल्वेचे तिकीट, औषधांचे दुकान, चित्रपट, ईमेल, असे सगळे नीट, सुवाच्य अक्षरात. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच: नातवाचे नाव आणि त्याचे जन्मसाल. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञाने 2013 साली सुरू केलेले एक संकेतस्थळ आहे. आपला ईमेल पत्ता कोणत्या फुटलेल्या याद्यांमध्ये आहे, ते त्यावर पाहता येते. अण्णांचा पत्ता मी तिथे टाकला. वस्तू विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून केव्हातरी चोरीला गेलेल्या यादीत तो होता. अण्णांनी तिथून काही मागवले होते, हेही कोणाच्या लक्षात उरले नव्हते.

चोरीची ही रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या घरावर कोणी पाळत ठेवून नसते. एखाद्या दुकानाच्या यादीतून लाखो ईमेल पत्ते आणि त्यांचे पासवर्ड बाहेर पडतात. मग एक संगणकप्रणाली त्या जोड्या एकामागून एक वेगवेगळ्या सेवांच्या दारावर लावून पाहते. जिथे माणसाने तोच पासवर्ड ठेवलेला असतो, तिथे दार उघडते. चित्रपट-सेवेचे स्वतःचे काहीही फुटलेले नसते. 2019 च्या नोव्हेंबरात डिस्ने प्लस सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत त्याची हजारो खाती चोरबाजारात विक्रीला आली. आमच्या यंत्रणेत कोणी शिरलेले नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. 2024 मध्ये टीव्हीवर चित्रपट दाखवणारी उपकरणे विकणाऱ्या अमेरिकेतल्या रोकू कंपनीने आधी 15 हजारांहून अधिक आणि पुढच्याच महिन्यात आणखी 5 लाख 76 हजार खाती याच पद्धतीने उघडली गेल्याचे जाहीर केले. त्यांपैकी 400 पेक्षा कमी खात्यांवर परस्पर खरेदी झालेली होती. बाकीच्यांना कदाचित काहीच जाणवले नसेल. बँकेच्या खात्यात शिरलेल्या चोराला घाई असते. चित्रपटाच्या खात्यात शिरलेल्याला ती नसते, उलट तुम्ही दर महिन्याला वर्गणी भरत राहावे आणि पासवर्ड कोणी बदलू नये, यातच त्याचे हित असते. तो खाते स्वस्तात दुसऱ्या कोणाला विकतो, आणि विकत घेणाऱ्याला कदाचित पत्ताही नसतो की डावीकडचे ते पहिले नाव बडोद्यातल्या एका माणसाचे आहे.

आपल्याकडे एक बरे आहे, की रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते. त्यामुळे साठवलेल्या कार्डावर चोराला सहसा हात मारता येत नाही. पण दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीला, ती 15 हजार रुपयांच्या आत असेल तर, पहिल्या मंजुरीनंतर दर वेळी ओटीपी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना द्यायची असते आणि ती सूचना इमानेइतबारे येतही होती, पण अण्णांच्या फोनवर. तो फोन माघापासून टेबलाच्या खणात बंद पडलेला होता. दोघांचे संयुक्त खाते चालूच राहिल्यामुळे पैसे जात राहिले आणि खात्यात शिरलेला माणूस सिनेमा पाहत राहिला.

मोठ्या मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे गं, सिनेमाच तर बघतोय, बँक थोडीच लुटली?" हे वाक्य मी फार घरांतून ऐकते आणि ते मला पटत नाही. अण्णांचा तोच पासवर्ड त्यांच्या ईमेललाही होता. वाड्यातल्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप असावे आणि दिंडी दरवाजा मात्र रात्रभर सताड उघडा असावा, तशी ही स्थिती आहे. कारण कोणत्याही सेवेवर 'पासवर्ड विसरलात?' म्हणून विचारले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा ईमेलवरच येतो. ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती हळूहळू बाकीचे सगळे जाते. त्याशिवाय माणूस रात्री दोन वाजता एकटा बसून काय पाहतो, कुठे थांबतो, काय पुन्हा लावतो, ही त्याच्या अगदी आतली गोष्ट आहे. ती कोणा परक्यापुढे उघडी पडते, याचे दुःख पैशांत मोजता येत नाही म्हणून ते लहान ठरत नाही.

वहीवरून मात्र मुलाशी माझा वाद झाला. पासवर्ड कागदावर लिहून ठेवले हीच अण्णांची चूक, असे त्याचे म्हणणे. मला तसे मुळीच वाटत नाही. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या सुरक्षातज्ज्ञाने 2005 सालीच लोकांना सांगितले होते की मोठे, कठीण पासवर्ड ठेवा आणि खुशाल कागदावर लिहून तो कागद पाकिटात जपा. परदेशात बसलेल्या चोराला दांडिया बाजारातल्या खणातली वही वाचता येत नाही. दोष त्या वहीच्या प्रत्येक ओळीला तेच असण्याचा होता. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्तीही आता जुनी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2017 पासून तसा आग्रह सोडायला सांगितले आहे, कारण सक्तीने बदलायला लावले की माणसे जुन्याच शब्दापुढचा आकडा वाढवतात. पासवर्ड लांब असावा, फुटलेल्या याद्यांत आलेला नसावा आणि दोन ठिकाणी एकच नसावा, एवढे पाळले तर पुष्कळ झाले.

मग त्या संध्याकाळी आत्या आणि मी वहीचे नवे पान उघडून बसलो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द निवडायचे, असे मी तिला सांगितले. तिने आधी आरतीचे पहिले शब्द सुचवले. ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत म्हणून नको म्हटले. नातवंडांची नावे, कुलदैवत, गाव हेही बाद केले. मग तिला गंमत वाटू लागली. माहेरच्या परसातले एक झाड, जुन्या स्वयंपाकघरातले एक भांडे, एका विसरलेल्या शिक्षिकेचे टोपणनाव, आणि चौथा शब्द असा की तो तिला का आठवला ते तिलाही सांगता येईना. इंग्रजी अक्षरांत ते लिहिताना तिने शब्दांचे स्पेलिंगही स्वतःच्या मनाने ठरवले. ईमेलला एक, चित्रपटांना दुसरा, बँकेला तिसरा. तरुण माणसांनी हे काम पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपवर सोपवावे, किंवा जिथे सोय असेल तिथे पासकी वापरावी. तिच्यात फोनवर बोट टेकवून प्रवेश मिळतो आणि चोरून नेण्याजोगा शब्दच उरत नाही. आत्याच्या वयाला वही जास्त विश्वासाची, आणि मी त्यात बदल करायला गेले नाही.

सुरुवात ईमेलपासून केली. पासवर्ड बदलला, आणि आलेली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, तेही पाहिले. शिरकाव केलेला माणूस हे काम हमखास करून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही तो नियम तसाच राहतो. मग दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक अंक मागण्याची सोय, चालू केली. दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा आकडी अंक दाखवणारे ॲप आत्याच्या फोनवर घातले, आणि फोन हरवला तर उपयोगी पडणारे राखीव अंक कागदावर उतरवून वहीत चिकटवले. चित्रपटांच्या खात्याची पाळी त्यानंतर आली. तिथे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. काही सेवांमध्ये आधीच आत असलेला टीव्ही तसाच चालू राहतो. म्हणून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हे वेगळे बटण दाबावे लागते. ते दाबले आणि पाच मिनिटांत फोन वाजायला लागले. सुरतेचा भाचा, वरच्या मजल्यावर पूर्वी राहणारा विद्यार्थी, मोठ्या सुनेची बहीण; अण्णांनी कोणाकोणाला पासवर्ड दिला होता, ते त्या फोनांवरून कळत गेले. एका घरापुरतेच खाते, हा नियम नेटफ्लिक्सने भारतात 20 जुलै 2023 पासून कडक केला, पण आत्याच्या घरातल्या सेवेत तशी अडवणूक नव्हती आणि अण्णांचा स्वभाव देण्याचा. मला त्या देण्याचे वाईट वाटत नाही. कॅसेट ते देतच होते. फक्त तेव्हा वहीत नाव लिहिले जाई, आणि पासवर्ड देताना ते लिहिले गेले नव्हते. आत्याने भाच्याला सांगितले, "तुझं तू घे बाबा आता, माझ्याकडे आलास की बघ हवं तेवढं." तो मनाने चांगला, हसला.

राहिला होता तो पाहिलेल्या चित्रपटांचा इतिहास. परक्याने पाहिलेले काढून टाकता येतात, एकेका नावापुढचे चिन्ह दाबून. मी सगळे एकदम पुसायला निघाले होते, पण आत्याने हात धरला. "थांब. ह्यांचंही आहे त्यात." दिवाळी ते माघ, या काळातल्या रात्री दोघांच्या होत्या, अण्णांच्या आणि त्या अनोळखी माणसाच्या, आणि यादीत त्या एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. आत्या चष्मा लावून ओळी वाचू लागली. हा नाही, हाही नाही. हा ह्यांचा, गाण्यापर्यंत बघून बंद करायचे. एका नावापाशी ती बराच वेळ थांबली. जुना इंग्रजी चित्रपट होता, वीस मिनिटे पाहून सोडलेला, डिसेंबरातल्या एका रात्रीचा. "कळत नाही गं," ती म्हणाली, आणि तो तसाच ठेवला.

मोबाइल नंबरचा प्रश्न याहून अवघड निघाला. अण्णांच्या नंबरवर वर्षभराचे रिचार्ज होते आणि ते संपत आले होते. रिचार्ज थांबले की काही काळाने नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या कोणाला देता येत नाही, असा नियम आहे. पण त्या 90 दिवसांनंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. आपल्याकडच्या अनेक चित्रपट-ॲपना तर पासवर्ड लागतच नाही, मोबाइल नंबर घाला, ओटीपी टाका की आत. म्हणजे उद्या नवे सिम घेणाऱ्या कोणा सज्जन माणसाने तेच ॲप उघडले, तर त्याच्यासमोर अण्णांचे खाते उघडू शकते, आणि त्यात त्याचा कोणताही अपराध नसेल. म्हणून नंबर बंद पडू देण्याआधी प्रत्येक खात्यावरून तो काढायला हवा, नाहीतर मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रे घेऊन दूरसंचार कंपनीच्या दुकानात जाऊन तो आपल्या नावावर करून घ्यायला हवा. घरात मृत्यू झाल्यावर दाखल्याच्या प्रती बँक, विमा, निवृत्तिवेतन यांसाठी काढल्या जातात. त्यात या कामासाठी एक प्रत वाढवावी, असे मी आता भेटेल त्याला सांगते.

हे सगळे चालू असताना आत्याच्या फोनवर एक संदेशही येऊन गेला, की तुमची वर्गणी थकली आहे, खाली दिलेल्या दुव्यावर पैसे भरा. तो खोटा होता. असल्या दुव्याला हात लावू नये, आणि मदतीसाठी इंटरनेटवर शोधून सापडलेला 'ग्राहक सेवा' क्रमांकही लावू नये. ॲपच्या आतून जी मदत मिळते तीच घ्यावी. पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण सुरुवातीच्या तासांतच रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.

अण्णांनी पैसे मोजून घेतलेल्या त्या चित्रपटांचे पुढे काय, हा प्रश्न आत्याने विचारला तेव्हा माझ्याकडे समाधान होईल असे उत्तर नव्हते. बँकेत नॉमिनी असतो, भविष्य निर्वाह निधीत असतो, शेअरच्या खात्यात असतो. चित्रपटांच्या खात्यात तशी ओळ मला कुठे दिसली नाही. गूगलवर तीन ते अठरा महिन्यांच्या निष्क्रियतेनंतर आपल्या खात्यातला कोणता मजकूर कोणाला मिळावा, हे आधी ठरवून ठेवता येते, दहा माणसांपर्यंत. ॲपलने 2021 च्या अखेरीस वारसदार नेमण्याची सोय दिली, पण त्या वारसदाराला छायाचित्रे आणि पत्रे मिळतात, विकत घेतलेले चित्रपट, गाणी आणि पुस्तके मिळत नाहीत, असे ती कंपनी स्वतःच सांगते. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला नेमण्याचा अधिकार दिलेला आहे. तो आपल्याविषयीच्या माहितीपुरता आहे, कपाटातल्या चित्रपटांपर्यंत तो पोहोचत नाही. मला हे अन्यायाचे वाटते. ज्या माणसाने पैसे मोजले, यादी केली, वहीत लिहिले, त्याच्या बायकोला ते चित्रपट पाहण्याचा हक्क सरळ, कागदावर असायला हवा. तोवर तरी घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ईमेल कुठे उघडतो, वही कुठे आहे आणि राखीव अंक कुठे चिकटवले आहेत, एवढे ठाऊक असावे.

धाकट्याला मी न्यू जर्सीला फोन करून हे सांगितले. तिकडे मूव्हीज एनीव्हेअर नावाची, 2017 पासून चालू असलेली सोय आहे. एका दुकानातून घेतलेला चित्रपट ती जोडलेल्या दुसऱ्या दुकानातही दाखवते, त्यामुळे एखादे दुकान मिटले तरी सगळे बुडत नाही. त्याची चार दुकानांची खाती तिथे एकत्र जोडलेली आहेत आणि त्यांतल्या दोहोंना एकच पासवर्ड आहे, असे तो बोलता बोलता म्हणून गेला. त्या रात्री त्याने दोन्ही बदलले, दुहेरी पडताळणी लावली आणि बायकोला सगळे दाखवून ठेवले. अण्णांचा नंबर आत्याच्या नावावर करण्याचे काम मोठ्याकडे आहे. रावपुऱ्यातल्या दुकानात तो एकदा जाऊन आला, तिथे दाखल्याची मूळ प्रत मागितली, आणि ती प्रत विम्याच्या कचेरीतून परत आल्यावर तो पुन्हा जाणार आहे.